पाण्यात उतरण्याआधीचा प्रश्न

मागच्या महिन्यात आमच्या शेजारणीच्या तेरा वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. अटलांटाजवळच्या ज्या गावात आम्ही चौदा वर्षं राहतो, तिथलंच ते बॅप्टिस्ट चर्च. व्यासपीठाच्या मागे छोटा हौद होता, कंबरभर पाण्याचा. पाळक आधी उतरले, मग पांढऱ्या अंगरख्यात ती मुलगी. त्यांनी तिला विचारलं, येशू ख्रिस्त तुझा प्रभू आणि तारणारा आहे असं तू स्वतः मानतेस का? ती ‘हो’ म्हणाली. मग त्यांनी तिला पाठीमागे झुकवून पूर्ण पाण्याखाली नेलं आणि वर उठवलं. तिच्या आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला मात्र त्या प्रश्नानंच धरून ठेवलं होतं. उत्तर येईपर्यंत पाळक थांबले होते.

त्याच रात्री गोव्याहून भाईचा फोन आला. गोव्यातही धर्मांतराविरुद्ध कडक कायदा हवा, ही मागणी गेली काही वर्षं जोर धरते आहे. आमच्या डिचोलीच्या घरातही तो विषय रोजचा. भाई कायद्याच्या बाजूचा. मी बाप्तिस्म्याला गेले होते हे ऐकून तो म्हणाला, “बाय, तुका थंय बसून हांगाचें कितें कळटलें?” त्याचा राग खोटा नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजारी बाईला कुणीतरी सांगितलं की देवघर बाहेर काढ, तरच बरी होशील. त्या घरात आज भाऊ भावाशी बोलत नाही. पण तिथून भाई ज्या उपायाकडे जातो, तो मला मान्य नाही, आणि का नाही हे मला त्या हौदाजवळ बसून नीट कळलं.

आधी एक घोळ सोडवायला हवा. गोव्यात आपण ‘किरिस्तांव’ म्हणतो तेव्हा कॅथलिक डोळ्यांसमोर येतो, आणि बाकीच्या सगळ्यांना ‘बिलिव्हर’ म्हणून एकाच टोपलीत टाकतो. त्या टोपलीत बहुतेक पेंटेकोस्टल पंथाचे लोक असतात: हात ठेवून आजार बरे करणं, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी भाषांत बोलणं, मोठ्यानं प्रार्थना. बॅप्टिस्ट निराळे. पाण्यात पूर्ण बुडवण्याचा विधी दोघांचा सारखा, पण बॅप्टिस्ट उपासना शांत असते, पवित्र शास्त्र वाचायचं, त्यावर प्रवचन ऐकायचं, गाणी म्हणायची.

कॅथलिकांशी त्यांचं त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) किंवा येशूच्या पुनरुत्थानावर भांडण नाही. फरक सुरू होतो तान्ह्या मुलापासून. माझ्या म्हापशाच्या मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी गेले होते. पादिन-मादिन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, बाळाला घेऊन उभे, पाद्रीबाबनी डोक्यावर पाणी ओतलं, बाळ रडलं, आणि बाळाच्या वतीनं मोठ्यांनी श्रद्धेची कबुली दिली. बॅप्टिस्ट म्हणतात, हे चालणार नाही. कुणाच्या वतीनं कुणी विश्वास ठेवू शकत नाही. बाळासाठी ते प्रार्थना करतात, आई-बाप त्याला देवापुढे आणतात, पण पाणी नाही. ते मूल समजतं होऊन स्वतः मागेल तेव्हाच. म्हणून ‘मी जन्मानं बॅप्टिस्ट’ हे वाक्य त्यांच्या हिशेबात बसतच नाही. शेजारणीचं घराणं पाच पिढ्या त्याच चर्चमध्ये आहे, तरी तिची मुलगी त्या दिवसापर्यंत सभासद नव्हती.

बाकीचं सगळं याच मुळातून फुटतं. प्रत्येकाला देवापुढे स्वतः उभं राहायचं आहे, तर मध्ये संत नकोत, पाद्रीपुढे पापाची कबुली नको. कॅथलिकांचे संस्कार सात, यांचे विधी दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, असं कॅथलिक मानतात. बॅप्टिस्टांसाठी ती आठवण आहे. आणि वर कुणी बिशप नाही. गोव्याचे आर्चबिशप २०२२ मध्ये कार्डिनल झाले तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनाच आनंद झाला. तशी उतरंड इथे नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तीच आपला पाळक निवडते. मी एकदा त्यांची सभा पाहिली आहे. छप्पर दुरुस्त करायचं की नाही यावर दीड तास चर्चा, मग हात वर करून मतदान.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही मी इथं पाहिली. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बॅप्टिस्ट संघटनेत पाळकांकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं दडपल्या गेल्या, असं २०२२ च्या स्वतंत्र अहवालात पुढे आलं. प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्ही काय करणार, ही तिथल्या पुढाऱ्यांची ढाल होती. हीच संघटना १८४५ मध्ये याच जॉर्जिया राज्यात, गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवता यावं या वादातून वेगळी झाली. त्याबद्दल तिनं माफी मागितली १९९५ मध्ये. आणि मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पाळकच होते, अटलांटातल्या एबेनेझर चर्चचे. एकच शास्त्र हातात घेऊन माणसं किती दूरच्या दोन टोकांना जातात, ते या शहरात दिसतं.

आता गोव्याशी नातं. १६०९ मध्ये इंग्लंडमधून पळालेल्या काही लोकांनी ॲमस्टरडॅममध्ये पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. त्यांतले थॉमस हेल्विस मायदेशी परतले आणि १६१२ मध्ये त्यांनी राजाला उद्देशून लिहिलं की राजा माणूस आहे, देव नाही, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही. कुणी पाखंडी असो, मुसलमान असो, यहुदी असो, त्याला शिक्षा करणं हे पृथ्वीवरच्या सत्तेचं काम नाही. राजानं त्यांना तुरुंगात टाकलं, तिथेच १६१६ च्या सुमारास ते गेले. त्याच १६१६ मध्ये आपल्या राशोलला फादर स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण छापलं गेलं. त्या वेळी गोव्यात काय चाललं होतं? पोर्तुगीज सत्तेच्या १५५९ च्या फर्मानानं हिंदूंची पोरकी मुलं उचलून त्यांना बाप्तिस्मा देण्याची मुभा होती. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं, आणि मधली चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या फतव्यात बाटलेल्यांनी दारात तुळस लावू नये, आणि मीठ न घालता भात शिजवू नये, अशीही कलमं होती. सत्ता एकदा माणसाची श्रद्धा तपासायला निघाली की ती चुलीपर्यंत येते.

त्या काळात देव वाचवायला लोकांनी ते दुसरीकडे हलवले: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. हे आपल्याला पाठ आहे. भाई त्यातून काढतो तो अर्थ असा: आपल्यावर अन्याय झाला, आता सरकारनं आपली बाजू घ्यावी. मी काढते तो अर्थ वेगळा. अन्याय झाला कारण श्रद्धेच्या दारात सरकार उभं होतं. ते पुन्हा तिथं उभं करू नये, आपल्या बाजूनंसुद्धा.

उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू पाहणाऱ्यानं साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असतं, आणि मग पोलिसांमार्फत त्याचा ‘खरा हेतू’ तपासायचा असतो. बळजबरीनं किंवा फसवून केलेलं धर्मांतर हा गुन्हा असावा, याला माझी हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये अशा कायद्यांना मान्यता दिली आहे, हेही खरं. त्या आजारी बाईला ज्यानं फसवलं, त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालवा, मी साक्षीला येईन. पण एका प्रौढ माणसाचा हेतू हवालदारानं तपासायचा?

आमिषाचा मुद्दा भाई नेहमी काढतो. त्याला मी ओंगोलची गोष्ट सांगितली. १८७६ च्या दुष्काळात आंध्रात जॉन क्लॉ या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यानं बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं कंत्राट घेऊन हजारो उपाशी लोकांना काम दिलं. बाप्तिस्मा मागणारे रांगा लावून आले. त्यानं दुष्काळ चालू असेपर्यंत कुणालाही बाप्तिस्मा दिला नाही. पोटासाठी आलेला माणूस त्याला नको होता. मदतकार्य संपल्यावर, ३ जुलै १८७८ ला, एकाच दिवशी २,२२२ जणांना नदीत बाप्तिस्मा दिला गेला. भुकेचा वास पूर्ण गेला होता का, असा प्रश्न विचारता येईल, आणि विचारावा. पण मोह आणि विश्वास यांत फरक करायला हवा, ही जाण त्या माणसाच्या श्रद्धेच्या गाभ्यातूनच आली होती.

इथंही मला सगळं गोड वाटतं असं नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना शाळेतला एक मुलगा त्याला म्हणाला की येशूला न मानणारे नरकात जातात. रात्री तो मला विचारत होता, “आजी जाईल?” मी दुसऱ्या दिवशी शेजारणीला थेट विचारलं, तुलाही असंच वाटतं का? तिनं नजर चुकवली नाही. म्हणाली, माझा विश्वास तोच आहे, आणि तुझ्याशी खोटं बोलू शकत नाही. मी कित्येक आठवडे तिच्याशी नीट बोलले नाही. पुढे गावात मंदिरासाठी परवानगी मागितली गेली तेव्हा सभेत विरोध झाला, रहदारीचं कारण पुढे करून. त्या सभेत शेजारीण उठून आमच्या बाजूनं बोलली. नंतर मला म्हणाली, “सरकारनं तुमचं देऊळ अडवलं आणि त्यामुळे तू माझ्या चर्चमध्ये आलीस, तर त्या येण्याला काय अर्थ?” नरकाचं उत्तर आणि मंदिराची बाजू एकाच मुळातून आली, हे कळायला मला वर्षं लागली.

म्हणूनच लुइझियानानं २०२४ मध्ये आणि टेक्ससनं २०२५ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा केला, आणि अनेक बॅप्टिस्टांनी त्याला टाळ्या दिल्या, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. चर्च आणि राज्य यांच्यामध्ये भिंत असावी, हे थॉमस जेफरसन यांचं वाक्य १८०२ मध्ये कनेक्टिकटमधल्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेल्या पत्रातलं आहे. तेव्हा ते अल्पसंख्य होते आणि त्यांना भिंत हवी होती. जिथं ते बहुसंख्य झाले, तिथं त्यांना दार हवंसं वाटतं. शेजारीण याच्या विरोधात आहे. तिच्या चर्चमधले सगळे नाहीत.

भाईचा एक युक्तिवाद मात्र मला बराच काळ सतावत होता. तो म्हणतो, हे निवड वगैरे त्यांचं. आपला धर्म रक्तातून येतो, कुळदेव आपण निवडत नाही. खरंच, आपल्याकडे श्रद्धा गावाची असते. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण बहिणी आहेत, असं आपण दोन्हीकडचे मानतो, आणि हे मला फार प्रिय आहे. बॅप्टिस्टाला ते कधी झेपणार नाही. त्याच्या दृष्टीनं ती मूर्तिपूजा. एकेकट्या माणसाच्या निवडीवर उभा धर्म थोडा एकाकी असतो, असं मला अजूनही वाटतं.

पण निवड आपल्याकडे नाही, हे खरं नाही. लईराईचा धोंड, म्हणजे तिचा व्रतस्थ भक्त, व्रत धरतो, उपास करतो, तळीत न्हातो आणि निखाऱ्यांवरून चालतो, ते स्वतःच्या पायांनी. आमचे बाबा पन्नाशीत साखळीच्या विठ्ठलासमोर माळ घालून आले. घरात कुणी वारकरी नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी मासळी सोडली, आणि गोव्याच्या घरात ही केवढी उलथापालथ असते ते सांगायला नको. आजी चार दिवस जेवली नाही. कुणीतरी मुलाला नादी लावलं, असं ती सगळ्यांना सांगत होती.

मी फोनवर भाईला तो दिवस आठवून दिला. बाबांचा खरा हेतू काय होता, हे डिचोलीच्या कोणत्या हवालदाराला सांगता आलं असतं? भाई बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माळेची गोष्ट वेगळी, धर्म तोच राहिला. मी म्हटलं, आजीला विचारलं असतंस तर ती तसं म्हणाली नसती. त्यावर तो हसला नाही, चिडलाही नाही. कायद्याचा मसुदा निघाला तर पाठवतो म्हणाला. चतुर्थीला मी जाणार आहे, तेव्हा दोघं मिळून कलम कलम वाचायचं ठरलं आहे.