दारापलीकडची माणसे

लातूरच्या एका जुन्या मित्राने, जो स्वतः उत्तम कथा लिहितो, मध्यंतरी आमच्या गटात असे मत मांडले की झॉम्बींच्या, म्हणजे उठून चालणाऱ्या मढ्यांच्या, कथा हे भरल्या पोटाचे चोचले आहेत आणि दुष्काळी मुलखातल्या लेखकाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते मला अजून सलते आहे.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या परिसरातच जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८चा चित्रपट घडला. त्यातला खरा कलह मढ्यांशी नाही. तळघरात दडायचे की वर राहून दारे-खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, यावरून घरात कोंडलेली माणसेच एकमेकांवर उठतात, आणि रात्रभर झुंजून वाचलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी जिवंत माणसांच्या गोळीने मरतो. इथल्या महाविद्यालयांत अशा कथा गांभीर्याने शिकवल्या जातात. आपल्याकडे मात्र त्या न वाचताच निकाली निघतात.

शिवाय ‘भरल्या पोटाचे’ हा आरोप इतिहासाला धरून नाही. या कल्पनेची मुळे हैतीच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या भयात आहेत: मेल्यावरही सुटका नाही, तेव्हाही मालकासाठी राबावेच लागेल. मुकादमाची जुनी उचल फिटण्याआधीच नवी घेऊन कारखान्याची वाट धरणाऱ्या बीडच्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, हे भय कोणी समजावून सांगावे लागेल काय?

आणि लातूरकरांनी २०१६ विसरावे, याचे तर मला नवल वाटते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीने अंगणातल्या ड्रमला कुलूप घातले होते. किल्ली ती पदराला बांधून ठेवी, आणि समोरच्या घरातल्या बाळंतिणीसाठी रोज तेच कुलूप काढून दोन तांबे पाणी देई. कुलूप घालणारी आणि काढणारी बाई एकच होती. चांगली झॉम्बीकथा माणसाला नेमके याच जागी उभे करते.

‘तू तिकडे नळाखाली बसून बोलतोस,’ असे मित्र म्हणेल, आणि ते मला लागेल. इथे बर्फ पडला की शेजारी माझ्या दारापुढचीही वाट मोकळी करतो, पण त्याच्या उंबऱ्याआत माझे पाऊल अजून पडलेले नाही; उद्या सगळे कोसळले तर त्याने दार उघडावे इतका मी त्याचा आहे का, हे मला सांगता येत नाही. लातूरच्या रांगेतही माझी घागर नव्हती. बहिणीच्या ड्रमची गोष्ट मी ऐकली आहे, जगलेलो नाही, आणि म्हणून ती मी लिहिली तर उपरी होईल. माझा मित्र त्या रांगेत उभा होता. ती त्यानेच लिहावी, आणि खुशाल मढ्यांसकट लिहावी.