एफएक्सओ पोर्टवरील इनकमिंग नियमांबाबत खुलासा

मुंबईतील कार्यालयांची टेलिफोन व्यवस्था पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरत आहे: व्हीओआयपी गेटवेच्या (बाहेरच्या टेलिफोन लाइन इंटरनेट पद्धतीच्या फोन व्यवस्थेशी जोडणाऱ्या यंत्राच्या) इनकमिंग नियमात, म्हणजे आलेला कॉल कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या नोंदीत, ०२२ ने सुरू होणारा आपला क्रमांक लिहिला, की कॉल आपोआप योग्य एक्स्टेन्शनवर (कार्यालयातील अंतर्गत फोनवर) जातो.

तांब्याच्या तारेवरची साधी लँडलाइन गेटवेच्या एफएक्सओ पोर्टला (बाहेरची लँडलाइन जोडण्याच्या जागेला) जोडलेली असेल, तर हा सल्ला चुकीचा आहे. अशा लाइनवर गेटवेला फक्त रिंग आणि, कॉलर आयडी सेवा चालू असल्यास, फोन करणाऱ्याचा क्रमांक मिळतो; फोन कोणत्या क्रमांकावर आला हे एक्स्चेंज कळवतच नाही, त्यामुळे तो क्रमांक नियमात कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी जुळवण्यासारखे काही नसते. येथे नियम पोर्टनुसारच करावा लागतो: पोर्ट १ वरचा कॉल स्वागतकक्षाला, पोर्ट २ वरचा हिशेब विभागाला.

सिप ट्रंकवर (सेवादात्याने डेटा नेटवर्कवरून दिलेल्या फोन जोडणीवर) डायल केलेला क्रमांक येतो खरा, पण सेवादात्यानुसार तो ०२२ ऐवजी +९१२२ किंवा ९१२२ नेही सुरू होऊ शकतो. म्हणून आधी एक चाचणी कॉल करून गेटवेच्या लॉगमधील (नोंदींमधील) इनव्हाइट संदेशाची, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशाची, पहिली ओळ वाचावी, जी बहुतेक जण तक्रार आल्यावरच उघडतात.

अनेक गेटवे नियम वरून खाली तपासतात आणि पहिला जुळलेला नियम लावून थांबतात. अशा यंत्रात ‘कोणताही क्रमांक’ हा नियम सर्वांत वर ठेवल्यास खालचे सारे नियम निरुपयोगी ठरतात.