ढवळू नये

तब्बल ३१ वर्षे बांधकामांवर देखरेख करण्यात घालवलेल्या माणसाला ‘सोपे’ हा शब्द दिसला की तो आधी चष्मा काढून पुसतो आणि मग त्या शब्दाखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते शोधू लागतो. त्यामुळे माझ्या नऊ वर्षांच्या नातीने टॅब्लेटवरून ‘ईझी ब्लूबेरी कॉब्लर’ असे फळे आणि पीठ भाजून करायच्या एका गोड पदार्थाचे नाव मोठ्याने वाचले, तेव्हाच मी काही तरी निमित्त काढून गच्चीत जाऊन बसायला हवे होते. पण न्यू जर्सीतल्या लेकीच्या घराला गच्ची नाही, आणि फ्रिजमध्ये साडेपाच किलोंच्या आसपास ब्लूबेरी पडून होत्या, ज्यांना मी एकटा नसलो तरी मुख्यतः मीच जबाबदार होतो.

झाले असे की आदल्या शनिवारी जावईबापूंनी आम्हा दोघांना दक्षिण न्यू जर्सीत हॅमंटनच्या बाजूला नेले. हे गाव स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवते आणि जून-जुलैत तिथे जाऊन आल्यावर ते खोटे म्हणायची आपली हिंमत होत नाही. मळ्यात शिरताना हातात एक बादली देतात, आपली फळे आपणच तोडायची आणि बाहेर पडताना पौंडावर पैसे भरायचे. अंगठा नुसता लावला की जी ओघळून हातात येते ती पिकलेली, आणि जिच्या देठापाशी तांबूस कडे दिसते ती आणखी चार दिवस झाडावर राहू द्यायची, एवढाच काय तो नियम. खात खात तोडले तरी पोटाचे वजन कोणी करत नाही, हे सौभाग्यवतींच्या फार लवकर लक्षात आले. तिचे बालपण डोंगरात करवंदे वेचण्यात गेलेले असल्याने तिने या फळाला पहिल्या पाच मिनिटांतच ‘गोऱ्यांची करवंदे’ असे नाव देऊन टाकले. फरक एवढाच की करवंदाच्या जाळीला काटे असतात आणि तोडल्यावर चीक निघतो, त्यामुळे माणूस कधी तरी थांबतो. ब्लूबेरीचे झुडूप छातीइतके उंच, बिनकाट्याचे आणि इतके सोशिक असते की थांबण्यासाठी काही कारणच उरत नाही. काट्यावर बारा पौंड भरले. ‘एवढ्यांचे करणार काय?’ असे मुलीने विचारले, तेव्हा आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.

परतताना जावयांनी जी हकीकत सांगितली तिने मात्र मला या फळाबद्दल धंदेवाईक आदर वाटू लागला. ब्लूबेरी हा मुळात इथल्या पाइन बॅरन्स नावाच्या रेताड, आम्लयुक्त जमिनीवरचा रानमेवा होता आणि तो लागवडीखाली आणता येत नाही असाच शेतकऱ्यांचा समज होता. १९११ मध्ये व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्याशी संधान बांधले. बाईंनी रानात फिरणाऱ्या स्थानिक लोकांना पाच-अष्टमांश इंचाचे भोक पाडलेली पट्टी दिली आणि ज्या झुडपाची फळे त्या भोकातून पलीकडे जात नाहीत, ते झुडूप दाखवणाऱ्याला मोबदला देऊ केला. झुडपाला नाव शोधणाऱ्याचेच मिळे. रूब लीक नावाच्या गृहस्थाने एक उत्तम झुडूप आणले, पण ‘रूब’ हे नाव बाईंना खानदानी झुडपाला शोभणारे वाटेना आणि ‘लीक’ म्हटले तर कांद्याच्या भाऊबंदाची आठवण येई, म्हणून आडनावाचे आद्याक्षर जोडून त्याचे ‘रूबेल’ केले. १९१६ मध्ये पहिले लागवडीचे पीक बाजारात गेले. आयुष्यभर वीस मिलिमीटरची खडी चाळण्यांतून पारखून घेतलेल्या मला सोळा मिलिमीटरच्या भोकातून एक आख्खा फळधंदा उभा राहिलेला ऐकून गहिवरून आले. ‘इतकी वर्षं चाळलीत, तुम्हाला नाही हो कधी काही गोड सापडलं,’ असे मागच्या सीटवरून ऐकू आले.

आता कॉब्लर. मुलगी आणि जावई कामावर गेले होते, संध्याकाळी चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, निमित्ताने गल्लीतल्या शेजाऱ्यांचे एकत्र जेवण होते आणि प्रत्येक घराने एक पदार्थ न्यायचा होता. मी शब्दकोश पाहिला तर कॉब्लर म्हणजे जोडे दुरुस्त करणारा, असा पहिला अर्थ निघाला. नातीने खुलासा केला की वर पिठाचे गोळे ठेवून भाजले की ते जुन्या रस्त्यांवरच्या गोलसर दगडांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. म्हणजे फरसबंदीच, माझ्याच खात्यातला विषय. या कुटुंबातली इतर भावंडे तर आणखी विचित्र आहेत: एकाचे नाव स्लम्प, म्हणजे मटकन बसणे, एकाचे बकल, म्हणजे भाराने वाकणे, आणि एक चक्क ग्रंट, म्हणजे गुरगुरणे. यातली पहिली दोन नावे आमच्या पाहणी अहवालांत मी भिंतींच्या संदर्भात अनेकदा लिहिली आहेत.

कृती खरोखरच चार ओळींची होती. लोण्याची एक कांडी, म्हणजे ११३ ग्रॅम, भाजायच्या भांड्यात टाकून ओव्हनमध्येच वितळवायची. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ कालवून ते सरसरीत पीठ त्या लोण्यावर ओतायचे, त्यावर दोन कप फळे पसरायची आणि ३५० अंशांवर पाऊण ते एक तास भाजायचे. ३५० हा आकडा ऐकून मी दचकलो, पण तो फॅरनहाइट होता आणि आपल्या हिशेबाने १७७ निघाला. एकास एकास एक हे प्रमाण तर आमच्या एकास दोनास चार या काँक्रीटपेक्षाही सुटसुटीत वाटले. फक्त पीठ ओतल्यावर ‘ढवळू नये’ असे लिहिले होते, आणि फळे पसरल्यावर पुन्हा एकदा ‘ढवळू नये’ असे लिहिले होते.

या दोन शब्दांनी आमच्या घरातली शांतता भंग पावली. मराठी स्वयंपाकघरात ज्या बाईचा जन्म गेला तिला ढवळू नये असे सांगणे म्हणजे वारकऱ्याला चालू नये असे सांगण्यासारखे आहे. पिठले ढवळायचे नाही तर गुठळ्या होतात, बासुंदी ढवळायची नाही तर खाली लागते, रवा भाजताना तर हात थांबला की सासू जिथे असेल तिथून खाकरते. आमच्याकडे न ढवळता होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे विरजण, आणि त्यालाही शेवटी रवीखाली जावेच लागते. लोण्याच्या तळ्यावर पांढरे पीठ बेटासारखे तरंगताना पाहून सौभाग्यवतींच्या उजव्या मनगटाला जे काही झाले ते मी या डोळ्यांनी पाहिले. मी नातीला फळे धुऊन आणायला पाठवले होते. ती परत येईपर्यंत भांड्यातला माल एकजीव, गुळगुळीत आणि आमच्या हिचा चेहरा निष्पाप झाला होता.

‘आजी! डोन्ट स्टर म्हणजे डोन्ट स्टर!’ नात किंचाळली.

‘अगं, लोणी वेगळं, पीठ वेगळं, असं कोण भाजतं? मी नुसतं सारखं केलं.’

तिने आणखीही एक गोष्ट सारखी केली होती, ती आम्हाला पन्नास मिनिटांनी कळली. बेकिंग पावडर घरात सापडली नव्हती, तेव्हा ‘तेच ते’ म्हणून तिने खायचा सोडा घातला होता, आणि त्या मापाला मी मान डोलावली होती. ओव्हनमधून बाहेर आलेला पदार्थ वरून नको तितका तपकिरी, आतून शिऱ्यासारखा गच्च आणि प्रत्येक फळाभोवती शेवाळलेल्या पाण्याच्या टाकीसारखा हिरवा होता. कारण शाळेत शिकलेलेच निघाले. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर त्याला आवरणारे आम्लही असते. नुसता सोडा सुमारे तिप्पट तिखट, शिवाय बेलगाम. साबण लागला की हळदीचा डाग जसा लाल होतो, तसा ब्लूबेरीतला जांभळा रंग अल्कली भेटताच हिरवा पडतो. चवसुद्धा थोडी साबणाकडेच झुकत होती. ‘कैरीच्या रंगाचा आहे, वाईट नाही दिसत,’ असे म्हणून हिने एक घास घेतला आणि पुढे पाण्याखेरीज काही घेतले नाही.

घड्याळात तीन वाजले होते. शेजारून बेकिंग पावडर मागून आणायला मला पाठवण्यात आले, आणि न्यू जर्सीत वाटी घेऊन शेजारी जाणारा मी बहुधा बऱ्याच वर्षांतला पहिलाच इसम असेन. दुसऱ्या खेपेला नातीने सूत्रे हाती घेतली. मैद्याचा कप तिने सुरीच्या पाठीने असा सपाट केला, की माझ्या हाताखाली ती असती तर सिमेंटचे एक घमेले इकडचे तिकडे झाले नसते. आजीला तिने खुर्ची देऊन बसवले आणि हातात शेंगा सोलायला दिल्या. पीठ ओतले, कोणी ढवळले नाही. फळे टाकायची जबाबदारी माझ्यावर आली आणि इथे माझ्यातल्या काटकसरी माणसाने घात केला. फ्रिजमध्ये एवढा साठा असताना दोनच कप काय टाकायचे, असा विचार करून नातीची पाठ वळताच मी चार कप टाकले.

ओव्हनच्या काचेसमोर आम्ही तिघेही बसलो. पहिली वीस मिनिटे काही घडत नाही. मग कडांना लोणी बुडबुडू लागते, फळे हळूहळू पिठात बुडतात आणि खालचे पीठ त्यांच्या मधून वर चढत चढत त्यांना पांघरून घेते. हात न लावता वस्तू आपल्या आपण जागा बदलतात, हे दृश्य मी बांधकामावर एकदाच पाहिले होते आणि तेव्हा चौकशी समिती नेमावी लागली होती. इथे मात्र ते फारच सुंदर दिसत होते, पण सुमारे पस्तिसाव्या मिनिटाला जांभळा रस काठावर आला, क्षणभर थांबला आणि ओसंडून थेट ओव्हनच्या तळावर सांडला. सांडवा ठेवायला मी विसरलो होतो. ‘खाली ट्रे ठेवावा’ अशी ओळ कृतीत होती, पण ती कृती सोपी असल्यामुळे मी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. साखर जळाली, धूर निघाला आणि छतावरचे धुराचे यंत्र असे कोकलू लागले की आजवर हिच्या मिरच्यांच्या फोडणीनेही ते इतके दुखावले नव्हते. मी स्टुलावर उभा राहून पंचा फिरवत होतो, नात खिडक्या उघडत होती, आणि या गोंधळाचा फायदा घेऊन सौभाग्यवती ओव्हनच्या दिशेने डाव घेऊन निघालेली मला स्टुलावरून स्पष्ट दिसली. ‘बस खाली!’ असे मी लग्नानंतर प्रथमच म्हणालो, आणि आश्चर्य म्हणजे ती बसली.

संध्याकाळी आमच्या भांड्याची एक बाजू काळवंडलेली होती, पण कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत, मधला भाग मऊ आणि रंग शुद्ध जांभळा. समोरच्या घरातल्या वयस्क बाई मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या. त्यांच्याकडे कॉब्लर पीचचा होतो आणि इतर फळांचा त्या निव्वळ सौजन्य म्हणून खातात. त्यांनी व्हॅनिला आइसक्रीमबरोबर एक चमचा घेतला, कड मोडून पाहिली आणि म्हणाल्या, ‘ढवळला नाहीत. छान केलेत.’ नातीने त्याचे मराठी करून आजीला सांगितले. आजीने मान हलवली, पण हसली नाही.

रात्री हिशेब केला, तेव्हा एवढा पराक्रम करूनही चार किलोंहून अधिक ब्लूबेरी फ्रिजमध्ये शिल्लक होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती वेलचीच्या वासाने. मुलीच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात साखर आणि फळे रटरटत होती, साखरांबा एकतारी पाकाकडे निघाला होता, आणि सौभाग्यवती पदर खोचून, कालच्या दिवसाची सगळी भरपाई करत, पातेल्याच्या तळापासून ढवळत होती. तासाभराने तिने कपाळावरचा घाम पुसला, माझ्याकडे पाहिले आणि डाव पुढे केला.

‘घ्या. आता तुम्ही ढवळा.’