आधी सीटीसी फोडून बघा

सध्याची नोकरी डळमळीत असेल तर दोन ऑफरपैकी मोठ्या सीटीसीची (कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च) घ्यावी, हा एका लेखातला सल्ला मला धोक्याचा वाटतो. १८ लाखांच्या ऑफरमध्ये १५ टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार बदलणारा भाग (२.७ लाख), आणि १ लाख जॉइनिंग बोनस धरला असेल, तर निश्चित उरतात १४.३ लाख. १६.५ लाखांच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल ५ टक्केच असेल तर १५.६७ लाख! दोन्हींतून कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी (साधारण बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, ४.८१ टक्के) वजा करा, कारण ते दरमहा हातात येत नाहीत, मगच तुलना करा. जॉइनिंग बोनस बहुधा वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागतो, ते कलम वाचाच.

अस्थिर जागेवरून येणाऱ्याने प्रोबेशनमधली (सुरुवातीच्या परीक्षेच्या काळातली) नोटीस किती दिवसांची, हे आवर्जून विचारावं. कंपनी तुम्हाला १५ दिवसांत काढू शकते आणि तुम्हाला मात्र ९० दिवस थांबावं लागतं, असा करार असेल तर पगार वाढूनही जोखीम तीच. शिवाय तुम्ही कोणत्या प्रोजेक्टवर जाणार, की बेंचवर (प्रोजेक्टची वाट बघत) बसणार, हेही ईमेलवर लिहून घ्या. सही झालेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. जमल्यास बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनही (तुमच्या माहितीची कंपनीकडून पडताळणी) आधी होऊ द्या.

रुजू झाल्यावर आधीच्या नोकरीतल्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला ठरलेल्या फॉर्ममध्ये द्या, नाहीतर टीडीएस (पगारातून कापला जाणारा कर) कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम रक्कम भरावी लागते. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.