कोटींच्या आधी गादी

११ जून २०२४ ला रोमच्या ओलिंपिक स्टेडियमवर इटलीच्या जानमार्को ताम्बेरीने २.३७ मीटर उडी मारली आणि उंच उडीतलं युरोपियन अजिंक्यपद तिसऱ्यांदा घेतलं. स्पर्धेच्या इतिहासात इतकी उंच उडी आधी कुणी मारली नव्हती. त्याच रात्री त्याने एक चावटपणाही केला. पाय दुखावल्याचं सोंग करून तोंड वेडंवाकडं केलं, लोक हबकले, मग बूट काढून त्यातून चक्क स्प्रिंगा बाहेर काढून दाखवल्या. हबकायला कारण होतं. २०१६ मध्ये मोनाकोत २.३९ चा इटालियन विक्रम केल्यावर लगेच २.४१ च्या प्रयत्नात त्याचा घोटा गेला होता आणि त्यापायी रिओ ऑलिंपिकही गेलं होतं. रोममध्ये राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला प्रेक्षकांत बसलेले, आणि हा पठ्ठ्या मैदानात नौटंकी करतोय. मी राहतो त्या तोरीनो शहरात दुसऱ्या दिवशी कॉफीच्या प्रत्येक टपरीवर तोच विषय.

मला मात्र त्या स्पर्धेतले दुसरे दोन आकडे सोडत नाहीत. रौप्य युक्रेनच्या व्लादिस्लाव लावस्कीला, २.२९ वर. कांस्य युक्रेनच्याच ओलेह दोरोश्चुकला, २.२६ वर. आता शेजारी आपले आकडे मांडा. तेजस्विन शंकरचा भारतीय विक्रम २.२९, तोही २०१८ पासूनचा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने २०२३ मध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य घेतलं ते २.२६ वर, आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मारून तो सहावा आला. जागतिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय उंच उडीपटू.

अर्थात वेगवेगळ्या दिवशीच्या उड्या अशा शेजारी मांडून कुणाला पदक मिळत नाही. उंच उडीत दिवस महत्त्वाचा. सलग तीन चुका झाल्या की तुमचा विक्रम कितीही असो, पिशवी भरायची. ताम्बेरीच रोमनंतर दोन महिन्यांनी पॅरिसला मूतखड्याच्या कळा सोसत उतरला आणि २.२२ वर अडकून अकरावा आला. तरीही एवढं तरी कबूल करायला हरकत नाही, की सव्वादोन मीटरच्या वर जाणारी माणसं आपल्याकडे निघतात.

हे सांगायचं कारण आमच्या शाळेच्या जुन्या मंडळींचा ग्रुप. सर्वेश सहावा आल्यावर तिथे दोन दिवस धुमश्चक्री झाली. एका पक्षाचं म्हणणं, आपली शरीरयष्टीच त्यातली नाही, उगाच कशाला. त्यांना वरचे आकडे पाठवून दिले, विषय संपला. दुसरा पक्ष मोठा आणि जास्त तापलेला. त्यांचं म्हणणं, आपलं सरकार पैसे देत नाही म्हणून पदकं येत नाहीत. दाखला ठरलेला: हरियाणा ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी देतं, कांस्यालाही अडीच. आणि पॅरिसला स्वप्नील कुसाळेने कांस्य आणलं तेव्हा महाराष्ट्राने जाहीर केला एक कोटी.

आता इटलीचं ऐका. पॅरिसला इटालियन ऑलिंपिक समितीचा दर होता सुवर्णाला १ लाख ८० हजार युरो, रौप्याला ९० हजार, कांस्याला ६० हजार. तेव्हाच्या भावाने ६० हजार युरो म्हणजे पंचावन्न लाखांच्या आसपास. म्हणजे ज्या महाराष्ट्राला आपण कंजूष म्हणतो, त्याने कांस्याला या श्रीमंत देशाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम जाहीर केली होती. आणि रोमच्या त्या युरोपियन स्पर्धेत याच इटलीने अकरा सुवर्णांसह चोवीस पदकं घेऊन पहिला क्रमांक पटकावला. बक्षिसाच्या रकमेने पदकं येत असती तर हा हिशेब उलटा दिसायला हवा होता. खेळाडूला पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही, भरभरून द्या. पण ते पैसे आधीच उडून झालेल्या माणसाला मिळतात. पुढचा उडणारा त्यातून तयार होत नाही.

पुढचा कशातून तयार होतो, ते उंच उडीत इतर कुठल्याही खेळापेक्षा स्पष्ट दिसतं. १९६८ मध्ये मेक्सिकोत डिक फॉस्बरी काठीकडे पाठ करून उडाला, २.२४ मीटर गेला, सुवर्ण घेऊन गेला, आणि तेव्हापासून हळूहळू सगळं जग पाठीवर उडायला लागलं. पण फॉस्बरीच्या डोक्यातली कल्पना एकटी पुरेशी नव्हती. त्याच्या काळात अमेरिकेत वाळू आणि भुसा जाऊन फोमच्या जाड गाद्या येऊ लागल्या होत्या. या पद्धतीत धावपटू शेवटची पावलं वळणावर टाकतो, आत कलतो, त्या कलण्यातून अंगाला फिरकी मिळते, डोकं आणि खांदे आधी काठीपार जातात, कंबर कमानीसारखी वर येते आणि पाय सर्वांत शेवटी. मौज अशी की अंग काठीवरून जात असताना त्याचा गुरुत्वमध्य काठीच्या खालूनही जाऊ शकतो. पण माणूस खाली येतो तो खांद्यांवर, मानेच्या जवळ. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यासाठी किमान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर जाड गादी लागते. ती नसेल तर वाळूच्या हौदात पोराला पाठीवर उडायला सांगणारा शिक्षक वेडा तरी असेल किंवा गुन्हेगार.

म्हणून आपल्या बहुतेक शाळांत पोरं अजूनही कात्री उडी मारतात, एक पाय, मग दुसरा, आणि उभ्याने वाळूत. त्यातलं एखादं चौदा-पंधराव्या वर्षी कुणाच्या नजरेत भरतं, कुठल्या तरी प्रबोधिनीत जातं, आणि तिथे त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या वयात इथली मुलं पाठीवर पडायला घाबरेनाशी झालेली असतात, त्या वयात आपलं पोर पहिल्यांदा गादी बघतं. सर्वेशच्या बाबतीत त्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकांनी शेतातला मक्याचा पालापाचोळा भरून गादी बनवली होती, हे वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. ती बातमी आपण ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून वाचली आणि एकमेकांना पाठवली. मला ती वाचताना रागच आला. तो एक शिक्षक त्या गावात नसता तर? अशा किती गावांत तो नसेल?

युक्रेनचं उदाहरण याच्याही पुढचं आहे. १९७८ मध्ये मिलानला युरोपियन इनडोअर स्पर्धेत झापोरिझ्झ्याच्या व्लादिमीर याश्चेंकोने २.३५ मारली होती, तीही जुन्या पोटावरच्या पद्धतीने, सोव्हिएत संघाच्या बनियनमध्ये. म्हणजे रोममधले ते दोघे आभाळातून पडलेले नाहीत. युद्ध चालू असलेल्या देशाचे दोन जण युरोपच्या व्यासपीठावर उभे राहतात, कारण पन्नास वर्षांत तिथे उंच उडी शिकवणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तयार झालेली आहेत. बक्षिसाच्या भाषेत याचं स्पष्टीकरण मिळत नाही.

आता इटलीची आरती फार झाली. इथल्या शाळेत खेळाची अवस्था फारशी कौतुकाची नाही. माध्यमिक शाळेत आठवड्याला दोन तास, तेही व्यायामशाळेचं छप्पर गळत नसेल तर. शाळेचा संघ, आंतरशालेय स्पर्धेची ईर्ष्या, स्नेहसंमेलनात ढाल, असलं इथल्या मुलांना ठाऊकच नसतं. खेळ होतो तो क्लबात. क्लबाची फी पालकांनी भरायची, संध्याकाळी पोहोचवायचं-आणायचं पालकांनी, आणि बारा वर्षांपुढे स्पर्धेत उतरायचं तर ईसीजीसकट वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं. ज्यांना फी परवडत नाही त्यांची मुलं घरी. २०२३ मध्ये यांनी राज्यघटनेच्या ३३ व्या कलमात खेळाचं महत्त्व मान्य करणारं वाक्य घातलं. माझे इटालियन सहकारी त्यावर हसतात. घटनेत वाक्य आलं, व्यायामशाळेत पत्रे कधी येणार, असा त्यांचा सवाल.

पण रुफीनी बागेतल्या मैदानावर आमची लेक ज्या क्लबाच्या मुलांबरोबर जाते, तिथे गादी उघडी असते. संध्याकाळी कुणीतरी निवृत्त मास्तर काठी लावून उभा असतो. आठ वर्षांची पोरं पाठीवर पडून खिदळत असतात. त्यातली जवळजवळ सगळी पुढे सोडून देतात, फुटबॉलला जातात, प्रेमात पडतात. उरतात ती मोजकी. याच आमच्या पिएमोंते प्रांतात जन्मलेला स्तेफानो सोत्तिले पॅरिसला २.३४ मारून चौथा आला. कतारच्या बार्शिमनेही २.३४ च मारली होती, पण कमी चुकांच्या हिशेबात कांस्य त्याला गेलं. ताम्बेरी आजारी पडला त्या रात्री इटलीकडे दुसरा माणूस होता. आपला सर्वेश आजारी पडला तर आपल्याकडे कोण आहे?

चौथ्या क्रमांकावरून इथेही तुफान भांडण झालं, बरं का. पॅरिसला बेनेदेत्ता पिलातो ही पोहणारी मुलगी एका शतांश सेकंदाने चौथी आली आणि रडत रडत म्हणाली, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस आहे. एलिसा दी फ्रांचिस्का या माजी तलवारबाजीविजेतीने तिला झोडपलं. देश दोन गटांत वाटला गेला. शेवटी मात्तारेल्लांनी पदकविजेत्यांच्या समारंभाला चौथ्या क्रमांकवाल्यांनाही बोलावलं. त्याच पॅरिसमध्ये भारताचे सहा चौथे क्रमांक आले होते, आणि लक्ष्य सेन हरल्यावर खेळाडूंनीही जबाबदारी घ्यावी असं प्रकाश पदुकोण म्हणाले तेव्हा आपल्याकडेही तेच रण पेटलं. तेव्हा पदकाचा हपापलेपणा ही काही खास आपली खोड नाही. ग्रुपवरच्या ‘परदेशात असं नसतं’वाल्यांसाठी ही नोंद.

आणखी एक गोष्ट त्यांना पचत नाही. आपल्याकडे खेळाडूला सरकारी नोकरी म्हटलं की नाक मुरडतात. पाच टक्के आरक्षण, बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं, दहावीचे वाढीव गुण, या सगळ्यामुळे तो विषय बदनाम झालाय हे खरं. पण रोममध्ये शंभर मीटर जिंकणारा मार्सेल याकोब्स पोलिसांच्या क्रीडा पथकाचा, पाच आणि दहा हजार मीटर जिंकणारी नादिया बात्तोक्लेत्ती तुरुंग पोलिसांच्या पथकाची. ताम्बेरी स्वतः बरीच वर्षं करवसुली पोलिसांच्या पथकात होता. इटलीचं अॅथलेटिक्स सरकारी पगारावर उभं आहे. फरक एवढाच, की हा पगार होतकरू पोरांना विशीच्या आसपास मिळतो, मोठ्या पदकाच्या कितीतरी आधी, आणि त्या काळात त्यांचं काम म्हणजे सराव. सर्वेशला सैन्यदलाने हेच दिलं, म्हणून तो तिशीत टोकियोपर्यंत उडत राहिला. हा आपला चांगला भाग आहे आणि आपण त्याचीच चेष्टा करतो.

तेजस्विनचं उदाहरण मात्र मला परदेशी राहणारा म्हणून टोचतं. अमेरिकेत शिकत असताना त्याने पात्रता गाठली, तरी २०२२ च्या राष्ट्रकुल संघातून त्याला वगळलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. शेवटी बर्मिंगहॅमला गेला आणि २.२२ वर कांस्य घेऊन आला, राष्ट्रकुलात उंच उडीतलं भारताचं पहिलं पदक. पुढे तो डेकॅथलॉनकडे, म्हणजे दहा प्रकारांच्या स्पर्धेकडे, वळला आणि हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्य मिळवलं. बाहेर राहिलेला माणूस आपला की परका, हा घोळ आपल्याकडे आहे तसा इथेही आहे. २०१६ च्या कायद्याने परदेशी पालकांची इथे वाढलेली मुलं क्लबाकडून खेळू शकतात, पण राष्ट्रीय संघाचा निळा बनियन नागरिकत्वाशिवाय नाही, आणि नागरिकत्वाची मुदत दहावरून पाच वर्षांवर आणण्याचं सार्वमत २०२५ मध्ये पुरेसं मतदान न झाल्याने पडलं. लेकीने कधी खरंच उंच उडी मारली तर कुठल्या रंगात, हा प्रश्न आमच्या घरात अजून विनोदाचाच आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर माझ्या आतेभावाचा फोन आला. तो तालुक्याच्या शाळेत पी.टी. शिकवतो आणि मला मुळीच भीत नाही. म्हणाला, “अरे, गादी गादी काय लावलंयस? आमच्याकडे आली होती अनुदानातून. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढली. फाटली तर भरपाई कोण देणार म्हणून मुख्याध्यापकांनी खोलीला कुलूप लावलं. उंदरांनी खाल्ली. वर माझ्याकडे निवडणूक, जनगणना, पोषण आहार. संध्याकाळी तुझ्या त्या मास्तरासारखा मी काठी धरून उभा राहू कधी?”

मी म्हटलं, दादा, समजा गादी बाहेर ठेवली तर? त्याने लगेच हिशेब मांडला: वर शेड हवी, नाहीतर एका पावसाळ्यात कुजते. फाटली तर ती रजिस्टरमधून आपोआप कमी व्हावी, भरपाई शिक्षकाच्या पगारातून नको. आणि संध्याकाळचे दोन तास मानधनावर एखादा माजी खेळाडू, गावोगावी भरतीची तयारी करून घेणारे असतातच. पुण्यात २०१३ मध्ये बालेवाडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा आपण केवढे खूश होतो, त्याने आठवण करून दिली. “बालेवाडीला गादी आहेच की. माझी पोरं बालेवाडीला कशी येणार?”

२०२६ मध्ये ऑगस्टला बर्मिंगहॅममध्ये युरोपियन अजिंक्यपद आहे आणि सप्टेंबरला नागोयात आशियाई खेळ. नागोयात पदक आलं तर ग्रुपवर कोटींचा लिलाव होईल, नाही आलं तर शरीरयष्टीवाले परत येतील. दरम्यान ग्रुपवरच्या आम्हा परदेशवाल्यांनी आतेभावाच्या शाळेसाठी शेडची वर्गणी काढायचं ठरवलंय. पैसे जमतीलही. दादाला ते फारसं पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, एका शाळेला तुम्ही शेड दिलीत, आता रजिस्टरचा नियम बदलायला कुणाला फोन करता ते सांगा.