कमीत कमी बूट, जास्तीत जास्त गिऱ्हाईक

बुटात जितकं कमी, तितकं त्याबद्दल बोलावं जास्त लागतं, ही खूणगाठ आधी बांधून घ्या. जाड गादीच्या बुटाला विक्रेता लागत नाही. गिऱ्हाईक त्यात पाय घालतं, दोन उड्या मारतं, ‘वा!’ म्हणतं आणि पाकीट काढतं. तुम्ही विकताय तो अनवाणी धावल्यासारखं वाटायला लावणारा पातळ ‘मिनिमलिस्ट’ बूट. त्यात पाय घातल्यावर त्याला काय लागणार? फरशी. ती त्याच्या घरीही आहे, आणि फुकट आहे. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं म्हणतात. तुम्हाला तर माती झाकणारं रबर काढून घेऊन उरलेली माती विकायची आहे.

माल सगळ्यांना एकच दाखवायचा. पातळ तळ, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, कमानीला आधार नाही, वजन जेमतेम. दुकानात बूट हातात घेऊन त्याची सुरळी करा, मुठीत दाबा आणि सोडून द्या. तो टुणकन उलगडला की बघणारा खूश होतो. जो मुठीत मावतो त्याच्या भरवशावर दहा किलोमीटर का जावं, हा प्रश्न त्या क्षणी कुणालाही सुचत नाही. बदलायचं ते फक्त कारण, माणूस बघून.

पूर्वजांवर श्रद्धा असलेलं गिऱ्हाईक सगळ्यात सोपं. त्याला मेक्सिकोच्या दऱ्यांत टायरच्या सपाता घालून मैलोन्‌मैल धावणाऱ्या रारामुरी आदिवासींबद्दल सांगा. त्या सपाता ते घरीच, जुन्या टायरमधून कापतात, हा तपशील मात्र गाळा. नाहीतर गिऱ्हाईक टायरच्या शोधात निघेल. मग अबेबे बिकिला काढा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हा इथिओपियन धावपटू अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. इथे आवाज जरा खाली आणा, डोळे मिटा. आणि गोष्ट इथेच थांबवा. कारण चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, तीन मिनिटं लवकर पोचला, आणि तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जेमतेम दीड महिना झालेला असताना. रोममध्ये तरी तो अनवाणी का होता? मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून, असं सांगतात. म्हणजे या पुराणातून काही घ्यायचंच तर ‘मापाचे बूट घ्या’ एवढंच निघतं, आणि त्याने तुमचं दुकान चालणार नाही.

आकडेबाज धावपटूला पूर्वज नकोत, मिलिमीटर हवेत. टाच चवड्यापेक्षा किती उंच, याला ते ‘ड्रॉप’ म्हणतात. नेहमीच्या बुटात तो दहा-बारा मिलिमीटर असतो. तुमच्याकडे शून्य आहे. पण शून्य एकदम देऊ नका. आधी आठचा जोड, मग चारचा, मग शून्याचा. काहीच नसण्यापर्यंत पोचायला तीन खरेद्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर गिऱ्हाईकाला साधनेत प्रगती झाल्याचा आनंद मिळतो. २०१५ साली संशोधकांनी एकत्र बसून बूट किती ‘कमी’ आहे हे मोजण्याची फूटपट्टीही काढून दिली आहे: वजन, लवचिकता, तळाची जाडी, ड्रॉप आणि आधाराची साधनं मिळून शेकड्यात गुण. शंभराच्या जितकं जवळ, तितका बूट पायात नसल्यासारखा. परीक्षेत शंभर मिळवायची सवय असलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

याच गिऱ्हाईकाला हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकातला २०१० सालचा निबंध दाखवायचा. अनवाणी धावायची सवय असलेली माणसं बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि टाच आपटल्यावर बसतो तसा हिसका त्यांना बसत नाही, असं त्यात मांडलं आहे. तुम्ही निबंध दाखवा, वाचायला देऊ नका. अशा धावण्याने दुखापती कमी होतात असं त्यात सिद्ध केलेलं नाही.

आता खरं सोनं: ज्याचा गुडघा दुखतो तो. त्याने गोळ्या, पट्टे, बर्फ, व्यायाम सगळं करून पाहिलेलं असतं. फक्त विश्रांती घेतलेली नसते, आणि ती तुम्हीही सुचवू नका. तुमच्या बुटात तो चवड्यावर उतरू लागला तर गुडघ्यावरचा भार खरोखर थोडा हलका होतो. तो भार हवेत विरत नाही, पोटरीत आणि टाचेमागच्या शिरेत जातो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. महिन्याभराने तो जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत येईल. घाबरू नका. विचारा, ‘गुडघा कसा आहे?’ गुडघा बरा असेल. तेवढंच फलकावर लिहा.

अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठात ३६ अनुभवी धावपटूंवर केलेला दहा आठवड्यांचा अभ्यास २०१३ साली छापून आला. बोटांचे, म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळी खोली असलेले पातळ बूट हळूहळू वापरायला लागलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायांच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. हे कुणी तोंडावर फेकलंच, तर तुमच्याकडे एक रामबाण आहे: ‘ट्रान्झिशन’, म्हणजे जुन्या बुटावरून नव्यावर हळूहळू सरकणं. दुखलं? घाई केलीत. हळू जाऊनही दुखलं? तेवढं हळू नव्हतं. नाही दुखलं? बघा, बूट! या शब्दाची गंमत अशी की यश बुटाचं राहतं आणि अपयश गिऱ्हाईकाच्या खात्यावर जमा होतं. खोक्यात एक घडीचा कागद टाका, त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘पहिल्या आठवड्यांत अगदी थोडं अंतर’ असं छापा. कुणी वाचणार नाही. वाचावा म्हणून तो छापायचाही नसतो.

लिहिताना मात्र जपा. बोटाबोटांचे बूट काढणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत २०१२ साली दावा झाला: बूट स्नायू बळकट करतात, दुखापती टाळतात, या जाहिरातींना आधार काय? २०१४ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोड केली. एका जोडीमागे जास्तीत जास्त ९४ डॉलर परत मिळू शकतील असं ठरलं. तेव्हा कशानेही काहीही ‘बरं होतं’ असं लिहू नका. शक्यतो क्रियापदच नको. ‘पाय. माती. तुम्ही.’ यावर कोणतं न्यायालय काय निकाल देणार?

आणि न धावणाऱ्यांना विसरू नका, खप त्यांच्यावरच आहे. त्यांना बोटांचेच द्या. पहिल्यांदा घालताना अंगठा पटकन जातो, मधली बोटं कुरकुरत जातात, करंगळी मात्र शेजारणीच्या घरात शिरून बसते. ती उपटून तिच्या खोलीत नेईपर्यंत माणूस घामाघूम होतो. एवढे कष्ट केल्यावर तो बूट परत देत नाही. तो ते मीटिंगला घालतो, कुणीतरी ‘हे काय?’ विचारतं, आणि तुमची जाहिरात फुकटात सुरू होते.

लहान मुलांचे आईबाप: ‘पाय नैसर्गिक वाढू द्या’ एवढं पुरे. पाय वाढतो, दर काही महिन्यांनी नवा जोड.

शर्यत जिंकायची असलेल्यांच्या नादी लागू नका. ते २०१७ पासून कार्बनची पट्टी घातलेल्या जाड बुटांकडे गेले आहेत, इतके की २०२० साली जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत असा नियम करावा लागला. पातळपणावर मर्यादा घालायची गरज कुणालाच वाटली नाही. हे तुम्ही स्वातंत्र्य म्हणून विकू शकता.

तुमचं एकच गिऱ्हाईक धोकादायक आहे: तुमचं सगळं ऐकून, पूर्ण पटून, बूट काढून अनवाणी चालू पडणारं. त्याच्याशी वाद घालू नका, तुम्ही तोंडघशी पडाल. त्याला फक्त काच, खिळे आणि तापलेलं डांबर यांची प्रेमळ आठवण करून द्या.

सगळ्यांचे फोन नंबर मात्र नीट लिहून ठेवा. पोटरी धरून आलेल्यांचे वेगळ्या वहीत. पातळ बुटांची हवा तापत असतानाच, २००९ साली, फ्रान्समध्ये होका नावाची कंपनी नेमका उलटा, गलेलठ्ठ तळाचा बूट घेऊन उभी राहिली आणि पुढे तिचंही उत्तम चाललं. तुम्हीही एक जाड जोड मागच्या फळीवर ठेवा. त्या वहीतल्यांना एकेक करून फोन लावा, आणि सांगा की हा वापरताना ट्रान्झिशन जरा सावकाश करा.