"म्हणजे तू डॉक्टर नाहीसच ना?"

आज साखरपुड्याच्या पंगतीत सासरच्या एका काकांनी विचारलं, "लॅबमधली चांगली नोकरी सोडून आता पेशंटवर औषधं ट्राय करतेस म्हणे? उंदरांसारखी?" सगळे हसले. तिथे गप्प बसले, इथे नाही बसणार.

काका, मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन लावायचे, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणारी रक्ताची तपासणी. मॅक्स याफेने 1886 साली शोधलेली पिक्रिक अ‍ॅसिडची रिअ‍ॅक्शन: रंग जितका गडद नारिंगी, तितकं क्रिएटिनिन जास्त. एकदा 9.2 आलं, नॉर्मलच्या कितीतरी पट. रिपीट लावलं, तेवढंच. पेशंट ओपीडीचा, बाहेर बाकड्यावर वडापाव खात बसलेला. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा रुतला होता. मला म्हणाला, "ताई, नॉर्मल आहे ना?"

काय सांगणार? डॉक्टरांकडे पाठवलं आणि पुढची ट्यूब उचलली. लॅबवाल्यांचं काम तिथे संपतं. माझं संपेना.

त्याला कित्येक वर्षं शुगर होती. लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत उतरणारं प्रोटीन) एकदाही कुणी तपासलं नव्हतं! किडनीचं निम्मं काम बंद पडलं तरी क्रिएटिनिन नॉर्मलमध्ये दिसू शकतं, अल्ब्युमिन बऱ्याचदा त्याच्या आधी दिसतं. साधी लघवीची तपासणी हो. संताप होतो.

म्हणून मी किडनीच्या क्लिनिकल रिसर्चमध्ये आले. पगार आधीपेक्षा कमी, फाइली डोक्याएवढ्या. औषधांच्या चाचण्यांच्या नावाखाली आपल्याकडे गैरप्रकार झालेत, मान्य. म्हणून तर 2019 च्या नियमांत चाचणीवर नजर ठेवणारी एथिक्स कमिटी, नुकसानभरपाई सगळं बांधून दिलंय. पेशंटला संमतीपत्र मराठीत समजावताना "मधेच सोडलं तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत" हे मी दोनदा सांगते. तो बाकड्यावरचा माणूस समोर बसलाय असंच समजून.

आणि डापाग्लिफ्लोझिन? शुगरची गोळी. शुगर नसलेल्यांच्याही किडनीला ती वाचवते हे 21 देशांतल्या 4,304 लोकांवरच्या चाचणीमुळे कळलं, त्यात भारतातलेही होते. फायदा इतका स्पष्ट दिसला की 2020 मध्ये ती चाचणी वेळेआधी थांबवली. आता जेनेरिक मिळते. काका, तुमच्या सकाळच्या डबीत तीच आहे, काकूंनीच सांगितलं. ते 4,304 जण उंदीर होते का?

असो. काका वाईट नाहीत, माझ्या लग्नात सर्वात जास्त तेच राबले होते. पण घरात कुणाला शुगर-बीपी असेल तर डॉक्टरांना यूएसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिनची तीच तपासणी) विचारा, टाळू नका. उद्या सकाळी पेशंट यायचाय, सॅम्पल वेळेत फ्रीझरला गेलं पाहिजे. भांडायचं असेल त्यांनी संध्याकाळी यावं.